पाच जण झोपतात

आर्डिथ हसायला लागली की चर्चच्या तळघरात मांडणीवरच्या कपबशा किणकिणायच्या, असं आमच्याकडं अजून सांगतात, आणि त्यात खोटं थोडंच आहे. बाई अंगानं भरलेली, दंड पैलवानासारखे. ते दंड काही नांगर धरून झालेले नव्हते. गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात रोज सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा पाव तीच मळायची आणि मळता मळता कणकेशी भांडायची. "आज का रुसून बसलीयेस गं? फुग की जरा!" नवीन कामाला आलेल्या पोरी आधी घाबरायच्या, मग सवय व्हायची.

माझ्या धाकट्या भावाची, लोरेनची, ही बायको. मी एर्मा. लग्न केलं नाही, गावातल्या धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर बसायचे. भावाशी जन्मात जेवढं बोलले नसेन तेवढं या भावजयीशी बोलले. म्हणून तिच्याबद्दल मीच सांगावं.

आमचं उन्रू घराणं कापणीवाल्यांचं, पैसे घेऊन दुसऱ्यांचा गहू कापून देणारं. मे महिना आला की कापणीची यंत्रं ट्रकांवर चढवायची, खाली टेक्सासात उतरायचं, आणि गहू जसजसा पिकत जाईल तसतसं त्याच्या मागं मागं उत्तरेला सरकत राहायचं. ओक्लाहोमा, मग आपलं कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा. पुरुषमाणसं परत यायची ती सप्टेंबर उलटल्यावर, उन्हानं मानेची कातडी सोललेली, कानात अजून यंत्रांची घरघर. तोवर बायका एकट्या. आमच्याकडं अशा बायका एकमेकींना 'गव्हाची विधवा' म्हणायच्या. रविवारी चर्चच्या पायरीवर हाक यायची, "काय विधवाबाई, नवऱ्याचं पत्रबित्र?" आणि आर्डिथ म्हणायची, "मेलेल्यांची पत्रं येतात का गं?" मग सगळ्या खो खो हसायच्या.

त्या वर्षी मात्र तिचं हसू आटलं. आदल्या सप्टेंबरात लोरेन घरी आला तेव्हा धाकटा गेलन, तेव्हा तिसरं सरत आलेलं, चुलीच्या मागं जाऊन लपला आणि तिथनं ओरडायला लागला, "आई, घरात माणूस आलाय!" लोरेन स्वतःच्या स्वयंपाकघरात हातात टोपी धरून पाहुण्यासारखा उभा. थोरली ट्विला बापाच्या गळ्यात पडली, तिला आठवण होती. पण या पोराला बाप ओळखायला थंडी पडावी लागली. कुठं जरा गाडी रुळावर आली, त्याच्या मांडीवर बसून जेवायला लागला, तर पुन्हा मे. लोरेन पुन्हा गेला.

लोरेन जायच्या आदल्या आठवड्यात तिनं थोरल्या दिराला, विलार्डला गाठलं. यंत्रं त्याची, शब्दही त्याचाच चालायचा.

"यंदा मी येणार. पोरांना घेऊन. शाळा सुटली की."

"आणि राहणार कुठं? गड्यांच्या गाडीत? तिथं मोज्यांच्या वासानं माशी मरते."

"आमच्यासाठी एक छोटा ट्रेलर घेऊ, चाकांवरचं घर. जुना का होईना. शाळा भरेपर्यंत तिकडं, मग परत घरी. आणि तुमचं सगळ्यांचं जेवण मी करते."

जेवणाचं ऐकल्यावर विलार्ड विचारात पडला. आदल्या वर्षीचा स्वयंपाकी डबे उघडण्यापलीकडं काही करत नव्हता. म्हणाला, "लोरेनच्या पिकअपला ओढवेल एवढाच आण. शेतातल्या वाटेनं जाईल असा. आणि ओक्लाहोमात आम्ही पहिलं शेत धरू तेव्हा तू हजर पाहिजेस. नाहीतर तिथलीच एक बाई ठरवलीय, ती डकोटापर्यंत येईल. मधल्या थांब्यावर चढायला ही बस नव्हे."

झालं. लोरेन पिकअप घरी ठेवून ट्रकानं गेला आणि आर्डिथ ट्रेलरच्या शोधाला लागली. बरोबर मी, कारण गहू यायच्या आधी कोठारावर माशा मारण्याशिवाय काम नसतं.

जुना ट्रेलर बघायची तिची रीत तिची तिनंच काढलेली. आत शिरायची, दार लावून घ्यायची, डोळे मिटून श्वास घ्यायची. मग भिंतीला, छताच्या कोपऱ्यांना, खिडकीच्या खाली, पलंगाच्या मागं अंगठा दाबत फिरायची. पाणी मुरलेली फळी वरून चकचकीत असते, पण अंगठ्याखाली कच्च्या पावासारखी दबते. पहिला ट्रेलर हायवेवरच्या एका दलालाकडं पाहिला. बाहेरून नवरीसारखा सजवलेला.

"बघा ताई, नवाकोरा रंग!" दलाल म्हणाला.

आर्डिथनं खिडकीखाली अंगठा दाबला, तो पार पेरापर्यंत आत गेला. अंगठा तसाच ठेवून ती वळली. "भाऊ, ही भट्टीत परत घाला. मधे कच्ची राहिलीय."

दुसरा दणकट निघाला, पण एवढा जड की पिकअपचं पुढचं तोंड वर उचललं गेलं. तिसऱ्यात मांजरांची पाच-सात बाळंतपणं झालेली होती, दार उघडल्याबरोबर मी तोंडावर रुमाल धरून बाहेर. असे आठवडे गेले. शाळा सुटायला आली. आर्डिथ रात्रीची झोपेना, असं ट्विलानं मला सांगितलं.

मग एका दुपारी आमच्या कोठारावरच्या फळ्यावर एक कार्ड टोचलेलं दिसलं. म्हाताऱ्या माणसाच्या थरथरत्या अक्षरात: छोटा ट्रेलर. हलका. कोरडा. पाच जण झोपतात. खाली नाव, हार्मन यान्त्स, आणि वस्तीचा पत्ता.

आता ट्रेलरच्या कार्डावर हे सगळेच लिहितात. चार जण झोपतात, सहा जण झोपतात. म्हणजे तेवढ्या माणसांच्या पथाऱ्या. आम्ही दोघींनीही ते तसंच वाचलं. आर्डिथ म्हणाली, "आम्ही चार. पाचवी जागा तुझी, एर्मा. कधी कंटाळलीस तर ये."

हार्मन यान्त्सची वस्ती नदीच्या पलीकडं, जुनी झाडं आणि त्यांच्या मधे एक पत्र्याचं गोदाम. म्हातारा दारातच बसलेला होता, जसा काही आमचीच वाट बघत होता. बायको वारलेली, पोरं कुठं कुठं गेलेली. एकेकाळी तोही कापणीवाला, आमच्या बाबांच्या ओळखीचा.

"किती जणं हाय तुमी?" त्यानं रामराम व्हायच्या आधीच विचारलं.

"चार, काका. आम्ही नवराबायको आणि दोन पोरं."

"चार." त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "चार बराबर. गेल्या हप्त्यात एक पाच जणांचं बिऱ्हाड आल्तं, त्यांना मी न्हाई म्हनलं. मावत न्हाई."

"अहो पण पाच जण झोपतात असं कार्डावर..."

"व्हय. पाचच. सहावा कुठं झोपंल?"

आर्डिथनं माझ्याकडं बघून डोळे फिरवले. म्हाताऱ्याची गिनती बिघडलीय, असं तिला वाटलं. मलाही.

ट्रेलर गोदामाच्या आत उभा होता, दाराकडं तोंड करून. पांढरा, बाजूनं एक निळा पट्टा, कुणीतरी रोज पुसावा असा स्वच्छ. चाकांच्या पुढं ठोकळे लावलेले. एकेका चाकाला चार-चार, मोठमोठे ओंडके. माझ्या मनात आलं, सपाट जमिनीवर एवढे कशाला? पण विचारलं नाही.

आर्डिथ आत गेली, दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. हळूच म्हणाली, "एर्मा, आत साबणाचा वास येतोय. आणि ओल्या केसांचा. वर्षानुवर्षं बंद गाडीत?"

"तो म्हातारा धूत असेल."

सगळीकडं अंगठा दाबून झाला. लाकूड हाडासारखं टणक. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक आखूड पलंग होता, लहान पोराच्या मापाचा, त्याच्यावर ठिगळं जोडून शिवलेली गोधडी. तिथं ती अंगठा लावायला गेली तसा म्हातारा दारातून म्हणाला, "त्यो कोपरा चांगला हाय. त्याला नका हलवू." ती थांबली. मग थोडं दाबलं. तिथंही टणक.

भाव त्यानं इतका कमी सांगितला की आर्डिथनंच विचारलं, "काका, चुकत तर नाही ना?"

"एकच अट. जून संपायच्या आत ही गाडी गव्हात पायजे. घराम्होरं उभी करून ठिवायची न्हाई."

"अहो, आम्हाला तरी दुसरं काय हवंय!" आर्डिथ हसली, आणि कित्येक आठवड्यांनी मी तिचं ते जुनं हसू ऐकलं.

आम्ही गाडी आणून तिच्या अंगणात उभी केली. पुढं लांब मुक्काम करायचा तर ट्रेलर नीट सपाट उभा करता यायला हवा, नाहीतर चुलीवर तवा कलतो आणि माणूस डोकं खाली करून झोपतं. सुताराची लेव्हलची पट्टी असते ना, मधे पाण्यात बुडबुडा, ती ओट्यावर ठेवायची आणि तो बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकाखाली फळ्या सारायच्या. आर्डिथनं सकाळभर खपून ते जमवलं. बुडबुडा असा मधे बसला की जणू चिकटवलाय. आम्ही जेवायला घरात गेलो. पोरांना उकडलेली भाजी नको होती, आमच्याकडचा एकावर एक गोळा बसवलेला लोण्याचा पाव आणि सॉसेज पाहिजे होतं, त्यावरून रडारड झाली. ते आवरून बाहेर आलो तर बुडबुडा सरकलेला. पुढं, उजवीकडं. म्हणजे मागचा डावा कोपरा दबलेला.

"उंदरानं जमीन पोखरली असणार," मी म्हटलं.

आर्डिथ वाकून चाकाखाली बघून आली. जमीन दगडासारखी. तिनं पुन्हा फळी सारली, बुडबुडा मधे आणला. संध्याकाळी चहाच्या वेळेला बघते तर आता तो उलट्या बाजूला. जणू मागच्या कोपऱ्यातलं ओझं उतरून गेलंय.

दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी सरळ. दुपारची जेवणं झाली की मागचा डावा कोपरा खाली. उन्हं कलली की परत वर. मी काट्यावर काम करणारी बाई, हलकं-जड कळतं मला. हे जमीन खचण्याचं लक्षण नव्हतं. कोणीतरी चढत होतं आणि उतरत होतं.

तिसऱ्या दुपारी आर्डिथनं मला बोलावून घेतलं. ती ट्रेलरात उभी, पायाशी पिठाचं अख्खं पोतं. पोरं शाळेत आणि शेजारी. बुडबुडा सरकलेलाच होता. तिनं ते पोतं उचललं आणि समोरच्या उजव्या कोपऱ्यात, त्या आखूड पलंगाच्या बरोबर तिरक्या समोर ठेवलं. बुडबुडा मधून पार पलीकडं गेला. मग तिनं मापानं पीठ काढायला सुरुवात केली. एक माप काढायची, पट्टीकडं बघायची. बाहेर उन्हात पाखरं ओरडत होती आणि आत ती कुणाचं तरी वजन करत होती. बुडबुडा हळूहळू मधे आला, थरथरला आणि थांबला.

तिनं पोतं कडेवर घेतलं, लेकरू घेतात तसं. जरा वर-खाली केलं.

"गेलनपेक्षा जड," ती म्हणाली. "ट्विलापेक्षा हलकं."

मी त्या पलंगाकडं बघितलं. गोधडी सपाट, कुणीच नाही. 

आम्ही तडक पिकअप काढली आणि हार्मन यान्त्सकडं गेलो. तो त्याच खुर्चीत. आर्डिथच्या हाताला अजून पीठ लागलेलं.

"काका, त्या गाडीत कोण आहे?"

म्हाताऱ्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "वेल्डा. माजी मधली. सहा पुरी झाल्ती."

त्यानं सांगितलं ते असं. नेब्रास्कात एका मोठ्या शेतावर कापणी चालली होती, गहू वाळून तडतडत होता, वर ढग. वेल्डाला ताप भरला. डॉक्टर लांब. बायको म्हणाली, घेऊन चला. हा म्हणाला, उद्या शेत संपतंय, उद्या जाऊ. दुपारचं जेवण झालं, पोर त्या मागच्या पलंगावर झोपली, ती झोपेतच गेली. त्या परक्या मुलखात आपल्या चर्चचं कुणी नाही, तिथं मातीत एकटं ठेवायचं कसं? चादरी गार पाण्यात भिजवून तिला गुंडाळली आणि घराकडं निघाले. चालत्या ट्रेलरात माणूस बसवायचा नसतो, तरी बायको मागं तिच्यापाशी बसली. पेट्रोल भरायला थांबले की लोक खिडकीतून डोकवायचे, आणि बायको ओठावर बोट ठेवायची. झोपलीय.

"घरी आनलं. पुरलं. समदं रीतसर झालं. पर गाडीत ती ऱ्हायलीच. माज्या बायकोनं लोकांला झोपलीय म्हनून सांगितलं ना, पोरीनं ते खरं धरलं. दुपार झाली की येते, झोपते. माजी म्हातारी असंस्तवर रोज गाडी झाडायची, न्हाण्याचा साबन ठिवायची. मग ती गेली. आता मी."

"आणि तुम्ही हे आम्हाला सांगितलं नाही!" मी तडकले.

"सांगितलं की." म्हातारा खरंच चकित झालेला दिसला. "कार्डावर लिवलं व्हतं. पाच जणं झोपत्यात. तुमी चार."

"अहो, ते सगळेच लिहितात!"

"त्ये त्यांचं त्यांला म्हाईत. मी लबाडी क्येली न्हाई."

आर्डिथ हाताचं पीठ झटकत पुढं सरकली. तिनं विचारलं, "विकली कशाला मग?"

म्हातारा गोदामाच्या रिकाम्या दाराकडं बघत राहिला. "गव्हाचा मोसम आला की गाडी दाराकडं सरकती. ठोकळे ढकलून. आदी दोन पुरायचे, मग चार. तिला जायचं असतंय सगळ्यांसंगट. माज्यानं आता गाडी चालवत न्हाई. बिऱ्हाडात एक जागा मोकळी असनारं मानूस बघत व्हतो." मग म्हणाला, "नको असंल तर आना माघारी. पैसं तसंच ठिवल्यात."

परत येताना मी तोंड सोडलं. "उद्याच्या उद्या परत करायची. आपण मागाहून दुसरी बघू."

"शाळा परवा सुटते, एर्मा. त्यांचं पहिलं शेत या आठवड्यात. दुसरी कुठं आहे?"

"अगं, मेलेलं लेकरू जित्या लेकरांच्या शेजारी झोपवणार तू?"

तिनं पिकअप आणखी जोरात पिटाळली. घरी पोचलो तर फोन वाजत होता. लोरेन, ओक्लाहोमातल्या कुठल्याशा खानावळीतून. त्यांची यंत्रं शेताच्या कडेला लागली होती. आर्डिथनं त्याला ट्रेलर मिळाला एवढंच सांगितलं, बाकी चकार शब्द नाही. मग गेलनला बोलावून रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. "बोल राजा, कोण आहे बघ." पोरानं बराच वेळ ऐकलं. तिकडनं लोरेन काहीतरी गंमत सांगत असावा, बारीक हसण्याचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. मग गेलननं रिसीव्हर आईच्या हातात परत दिला आणि शहाण्यासारखं म्हणाला, "त्या माणसाला सांग, डॅडी घरी नाहीत."

ते लोरेनला ऐकू गेलं. तिकडचं हसणं थांबलं.

आर्डिथनं फोन ठेवला. पदर नसतो आमच्याकडं, तिनं अॅप्रनलाच तोंड पुसलं, आणि भर दुपारची अंगणातल्या ट्रेलरात जाऊन बसली. मी दारात उभी. ती त्या आखूड पलंगाच्या कडेवर बसलेली, पाठ मला, समोर कुणी नाही.

"हे बघ वेल्डा," ती म्हणाली, आवाज वृद्धाश्रमातल्या पोरींशी बोलायची तोच. "माझी पोरं दोन. त्यांच्या केसाला धक्का लागला तर मी तुझा हा पलंग कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घालीन. मी तशी वाईट बाई आहे. नीट राहिलीस तर राहा. दुपारची झोप, रात्रीची झोप. गेलन लहान आहे, तो झोपला की त्याला उठवायचं नाही. समजलं?"

काहीच झालं नाही. ट्रेलर हलला नाही, आवाज नाही. मग ओट्यावरच्या पट्टीतला बुडबुडा एवढासा सरकला आणि परत मधे आला. मान हलवावी तसा. किंवा मला तसं वाटलं. मी तिथनं निघाले ते घरात जाऊन तीन पेले पाणी प्यायले.

त्या रात्री तिनं पोरांना सरावाला म्हणून ट्रेलरात झोपवलं. सकाळी ट्विला पुढच्या पलंगावर पसरलेली, तोंड उघडं. गेलन मात्र त्याची जागा सोडून मागच्या आखूड पलंगावर सापडला. अगदी बाहेरच्या कडेला, एक पाय खाली लोंबत, अंग चोरून झोपलेला. शेजारी निम्मा पलंग मोकळा.

"पडशील की रे! मधे का नाही झोपलास?" मी त्याला उठवत म्हटलं.

"मग ती कुठं झोपेल?" तो म्हणाला, आणि कूस वळला.

मी आर्डिथकडं बघितलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा. पण ती पोराच्या कपाळाला हात लावून बसली, कितीतरी वेळ, ताप आहे का बघत. कपाळ गार होतं, श्वास नीट चालला होता. शेवटी ती उठली. "सामान भर," मला म्हणाली. "पिठाची पोती उजव्या बाजूला."

शाळा सुटली त्याच दिवशी आम्ही निघालो. आर्डिथ चालवायला, पोरं मधे, मी खिडकीशी. मी परत बसनं येणार होते. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना गहू, दक्षिणेला जाऊ तसतसा हिरव्याचा पिवळा होत गेलेला. मी सारखी मागच्या आरशात बघायचे. रिकामा ट्रेलर चढाला मागं ओढतो, तेवढा हा ओढत नव्हता. उलट पुढं ढकलत होता. आर्डिथचा पाय कितीदा ब्रेकवर. "अगं सावकाश," ती एकदा पुटपुटली, आणि ती कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही. पेट्रोल भरायला थांबलो तिथं पंपावरचा माणूस ट्रेलरच्या खिडकीत डोकावून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मागं मुलगी झोपलीय का तुमची? गाडीत बसवून न्यायची नसते हां, बाई." आर्डिथनं नुसती मान हलवली.

ओक्लाहोमात पोचलो तेव्हा भर ऊन. शेताच्या कडेला विलार्डचा ट्रक, गड्यांची गाडी, लांबवर यंत्रं धुळीचे ढग ओढत चाललेली. विलार्ड घड्याळ बघत उभा होता. ट्रेलर बघून नाक फेंदारलं, म्हणाला, "आलीस. मला वाटलं वाटेत चाक निखळलं असेल." त्याच्या तोंडून एवढंच कौतुक निघतं. आर्डिथनं ट्रेलर सपाट केला, पोराला मागं झोपवलं आणि गड्यांच्या जेवणाला लागली. पण कांदा चिरताना तिचं लक्ष सारखं शेताकडं.

लोरेन आला तो चालत, यंत्रावरून उतरून. अंगभर भुसा, चेहरा धुळीनं काळा, नुसते डोळे आणि दात दिसत होते. माझा सख्खा भाऊ, पण मी क्षणभर ओळखला नाही. गेल्या साली घरात शिरलेल्या त्या 'माणसा'पेक्षा हा दहापट परका दिसत होता. ट्विला धावत गेली. आर्डिथ सुरी हातात धरून तशीच उभी राहिली, कारण ट्रेलरचं दार उघडलं होतं आणि गेलन पायरीवर येऊन उभा होता. डोळे झोपेनं सुजलेले, गालावर गोधडीच्या शिवणीचे वळ.

लोरेन दहा पावलांवर थांबला. पुढं यायची त्याची हिंमत होईना. टोपी काढून हातात धरली, पुन्हा पाहुण्यासारखी.

पोरानं त्याच्याकडं बघितलं. मग मान किंचित मागं वळवली, ट्रेलरच्या आत, जसं कुणी काही सांगत असावं तसं ऐकलं. आणि पायऱ्या उतरून धावत सुटला. "फोदा! फोदा!" लोरेनच्या गुडघ्याला मिठी मारली, त्या भुशात तोंड खुपसलं.

लोरेननं त्याला उचलून छातीशी धरला, आणि त्याच्या काळ्या गालांवरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या. "ओळखलं गं, ओळखलं यानं मला!" आणि मग हसत, "पण हे काय म्हणतोय? फोदा काय?"

आर्डिथनं माझ्याकडं बघितलं. ती दुसऱ्या पंथाच्या चर्चमधून आमच्यात आलेली, तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मी तो शब्द शेवटचा ऐकला होता आमच्या आजीच्या तोंडून, ती मरणाच्या बिछान्यावर स्वतःच्या बापाला हाका मारत होती तेव्हा. रशियातून आलेल्या आमच्या पूर्वजांची जुनी जर्मन बोली. आता आमच्या घरात ती कुणी बोलत नाही. गेलनच्या कानावर तर कधीच पडलेली नाही. पण यान्त्सच्या पिढीतल्या घराघरात तेच म्हणत.

"बाप," मी म्हटलं. "जुन्या बोलीत बापाला फोदा म्हणतात."

"एर्मा आत्यानं शिकवलं होय रे!" लोरेन पोराला वर उडवत म्हणाला. पोर खिदळलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आर्डिथनं माझ्या दंडावर हात ठेवला. तिच्या हाताला कांद्याचा वास येत होता. ती बराच वेळ बापलेकांकडं बघत राहिली, दोघं धुळीत बसले होते आणि पोर बापाच्या कानात काहीतरी सांगत होतं.

मग ती वळली, पायऱ्या चढून ट्रेलरात गेली आणि दार मागं नुसतं लोटून घेतलं. मी फटीतून ऐकलं.

"आमच्याकडं त्याला डॅडी म्हणतात, वेल्डा," ती हळूच म्हणत होती. "डॅडी. शिकशील हळूहळू."

आत पलंगाची फळी करकरली. मी बाहेर उन्हात उभी होते, आणि शेतात यंत्रं पुन्हा सुरू झाली.